जमिनीचा हिशेब : फ्रान्समधील एक प्राचीन द्राक्षमळा

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या उत्तर तीरावर, आंजे शहरानजीक, साव्हेनिएर हे गाव आहे. तेथील खडकाळ उतारावर सुमारे सात हेक्टरांचा ‘कुले द सेरां’ हा द्राक्षमळा वसलेला आहे. सिस्टर्सियन पंथाच्या साधूंनी ११३० साली तेथे वेली लावल्या, असे सांगतात. या मळ्यात चेनिन ब्लांक ही एकच जात असून, नाशिककडेही ती वाइनसाठी लावली जाते.

मळ्याचे मालक जोली कुटुंब होय. निकोला जोली हे बँकेतील नोकरी सोडून १९७७ च्या सुमारास घरच्या शेतीकडे परतले. तणनाशक वापरल्यास मशागतीचा खर्च वाचेल, असा सल्ला त्यांना मिळाला व तो त्यांनी मानला. खर्च वाचला, परंतु दोनच वर्षांत मातीचा रंग पालटला आणि उपयुक्त कीटक दिसेनासे झाले, असे ते सांगतात. वहीतील बचत ही जमिनीच्या खात्यावरील उचल होती!

तेव्हा त्यांनी रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ मधील व्याख्यानांतून निघालेली बायोडायनॅमिक, म्हणजे जैवगतिक, पद्धत प्रथम थोड्या भागावर अजमावली व १९८४ पर्यंत सर्व मळ्यास लागू केली. या पद्धतीत गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात. नंतर त्यातील अल्पसे खत पाण्यात तासभर घुसळून शिंपडतात. कंपोस्टात विशिष्ट वनस्पती घालतात. रासायनिक खते व तणनाशके वर्ज्य असतात. मात्र केवडा व भुरी यांसाठी मर्यादित ताम्र व गंधक चालते.

शिंगातील खताचा प्रभाव शास्त्राने सिद्ध झाला आहे, असे मात्र कोणी समजू नये. कॅलिफोर्नियातील एका द्राक्षमळ्यात सहा वर्षे चाललेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, साध्या सेंद्रिय पद्धतीपेक्षा या पद्धतीने मातीचा कस वाढल्याचे आढळले नाही. कंपोस्ट, आच्छादन व हिरवळीचे खत यांचे मोल मात्र निर्विवाद आहे.

द्राक्ष बागायतदार बंधूंनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. कोणताही नवा उपाय, मग तो रासायनिक असो वा सेंद्रिय, प्रथम दोन-चार ओळींवरच करून पाहावा व शेजारच्या ओळींशी ताडून पाहावा. आणि वर्षाचा जमाखर्च मांडताना रुपयांबरोबर मूठभर मातीही हाती घ्यावी. तिचा रंग, वास व तीतील गांडुळे पाहावीत. बाग पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाची, तर हा हिशेब चुकवून चालणार नाही.