हिवाळ्यात गाडीच्या मॅटची सफाई : छोटं काम, वेगळी कमाई



कार वॉशिंग सुरू करायचं म्हटलं की बहुतेक जण बाहेरच्या चकाकीचा विचार करतात. फोम, पॉलिश, काळेभोर टायर. पण ग्राहक दार उघडून आत बसतो तेव्हा त्याला आधी वास येतो आणि मग पायाखालची मॅट दिसते. म्हणूनच मॅटची सफाई ही वेगळी सेवा म्हणून विकता येते, आणि त्यासाठी हिवाळा चांगला मोसम आहे. का, ते बघू.

हिवाळाच का?

पहिलं कारण ओल. पावसाळ्यात मॅटखाली मुरलेली ओल बऱ्याच गाड्यांत तशीच राहते. थंडीत काचा बंद असतात, मग कुबट वास कोंडतो.

दुसरं कारण सहली. नाताळच्या सुट्टीत पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या गाड्या अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली, गोव्याला जातात. येताना वाळू आणि समुद्राचं मीठ घेऊन येतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, तसंच. ही ओल मॅटखाली साचली की पत्र्याला गंज धरतो. कॅनडासारख्या देशात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथेही मॅटचं हेच दुखणं असतं.

आधी मॅट ओळखा

सगळ्या मॅटवर एकच पाइप मारला तर काम बिघडतं.

१. रबर किंवा पीव्हीसी : झटका, सौम्य शाम्पू, ब्रश, पाणी. वाळवताना सपाट ठेवा. घडी घातली तर कडा वळतात.

२. कापडी : आधी झटका, मग कोरडाच व्हॅक्यूम मारा. वाळू असताना पाणी टाकलं तर ती धाग्यांत आणखी रुतते. मिठाचे डाग आधी कोमट पाण्याने काढा. पांढरट डाग राहिलाच तर पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी समसमान घेऊन फवारा, पाच मिनिटांनी कापडाने टिपा, मग स्वच्छ पाणी.

३. नूडल मॅट : गुंतलेल्या जाळीत वाळू अडकते. उलटी करून थोपटा आणि पाणी मागच्या बाजूने मारा.

४. सेव्हन-डी : वर रेक्झिनसारखा थर, आत फोम. हिच्यावर प्रेशरचं पाणी नकोच. शिलाईतून पाणी आत गेलं की फोम लवकर वाळत नाही. ओल्या मायक्रोफायबर कापडाने पुसा, शिवणीत मऊ ब्रश फिरवा.

खरी परीक्षा वाळवण्याची

थंडीत दिवस लहान, ऊन कोवळं. म्हणून कापडी मॅटची कामं सकाळी अकराच्या आत घ्या. मॅट स्टँडवर उभी टांगा, म्हणजे पाणी निथळतं. परत देण्याआधी मागच्या बाजूला टिश्यू पेपर दाबून बघा. कागद ओला झाला तर मॅट गाडीत जाणार नाही, मग ग्राहक कितीही घाईत असो. त्याला कागदी मॅट घालून द्या आणि मॅट उद्या न्यायला सांगा. ओली मॅट दिली तर दोन दिवसांत वास येतो, आणि नाव तुमचं खराब होतं.

इथे तडजोड नाही

ड्रायव्हरच्या बाजूची मॅट पुढे सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकली तर जीवावर बेततं. याच धोक्यामुळे २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला होता. म्हणून मॅट बसवल्यावर हूक लागला का बघा, तिन्ही पेडल हाताने दाबून बघा. मॅटवर दुसरी मॅट टाकू नका. आणि चमक यावी म्हणून मॅटला टायर पॉलिश लावू नका, पाय घसरतो.

हिशोब असा मांडा

समजा एका गाडीच्या मॅटना माणसाची २० मिनिटं लागतात. आठ तासांची मजुरी ६०० रुपये धरली तर २० मिनिटांचे २५ रुपये झाले. शाम्पू-कापडाचे १५, पाणी-विजेचे १० धरा. एकूण खर्च ५०. तुम्ही १२० घेतले तर ७० रुपये सुटतात. दिवसाला पाच गाड्या, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ९,१०० रुपये. यातून जागेचं भाडं वजा करा. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे आकडे टाकून बघा. पण वॉशिंगसोबत ही सेवा फुकट देऊ नका. एकदा फुकट दिलेल्या कामाचे पुढे पैसे मागणं अवघड जातं.

ग्राहक परत यावा म्हणून

सुट्टीच्या आधी त्याला व्हॉट्सॲपवर एवढंच पाठवा : “समुद्रावर जाताय? जुनी चादर पायाखाली अंथरा, बसण्याआधी पाय झटका, परतल्यावर मॅट लगेच बाहेर काढा.” सल्ला कामाचा असला की सफाईसाठी माणूस तुम्हालाच फोन करतो.

या आठवड्याचा गृहपाठ : आपल्या भागातल्या तीन वॉशिंग सेंटरवर जाऊन मॅट सफाईचा दर विचारा. मग घरच्या किंवा शेजाऱ्यांच्या गाडीच्या मॅट घड्याळ लावून स्वतः धुवा. किती वेळ आणि किती पैसे लागले, ते वहीत लिहा. धंद्याचा तुमचा पहिला खरा आकडा तोच.