चित्राबरोबर सडाही राखा

छत्तीसगडातल्या रायगडजवळ सिंघनपूर आणि कबरा पहाड इथे आदिमानवाची चित्रे डोंगराच्या कपारीत, भिंतीवर आहेत. माथ्यावर खडकाचा आडोसा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पे मात्र जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट उघड्या कातळावर, पायाखाली कोरलेली आहेत. त्यांच्यावरून गुरे जातात, पावसाचे पाणी वाहते, गाड्याही जातात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव विचारत ती शोधली. गुराख्याने जागा दाखवायची, मग गवत आणि खाचांत साचलेली माती काढायची, तेव्हा कुठे रेषा दिसू लागते. कशेळी गावचा कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. एवढी आकृती उभ्याने पूर्ण दिसत नाही, म्हणून मोजमापे घेऊन नकाशा काढतात आणि वरून छायाचित्रे घेतात.

एकेका चित्राभोवती कुंपण घालून हा वारसा वाचेल, ही समजूत मला अपुरी वाटते. कातळशिल्पांचा काळ अजून वादाचा आहे, तेव्हा ती राखण्याची एवढी घाई कशाला, असेही विचारले जाते. पण नुसत्या कोरीव रेषेवरून तिचे वय मोजणे फार अवघड असते. आज कोकणात नसलेल्या गेंड्यासारख्या प्राण्याची आकृती, आसपास सापडणारी दगडी हत्यारे, जवळच्या गुहा आणि पाणवठे यांवरूनच काळाचा अंदाज बांधावा लागतो. भोवतालचा सडा खणून काढला की हा पुरावाच जातो. कुंपणात चित्र उरते, त्याचा काळ ठरवण्याचा मार्ग उरत नाही. काळ ठरलेला नाही म्हणूनच घाई हवी.

जमीनमालकाची तक्रार याहून खरी आहे. सडा बहुतेक खासगी मालकीचा आहे. चिऱ्याची खाण किंवा सुरुंग लावून केलेली कलमांची बाग हेच त्याचे उत्पन्न. ते बुडवून त्याच्याकडून वारसाप्रेमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मोबदला सरकारने द्यावा, राखणीचे आणि पर्यटकांना वाट दाखवण्याचे काम गावाला मिळावे. उक्षी गावात ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन हत्तीचे शिल्प राखले, म्हणजे हे जमण्यासारखे आहे. 2022 मध्ये कोकण-गोव्यातली कातळशिल्पांची नऊ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण त्या यादीने खाण थांबत नाही. खाणीचा परवाना देण्यापूर्वी संपूर्ण सड्याची पाहणी सक्तीची करावी, आणि ती गुराख्यांना सोबत घेऊनच व्हावी.