जबलपूरचे बंगले

घराची रचना तेथील हवामानावर अवलंबून असते. इंग्लंडमधील जमीनदारांची ग्रामीण निवासस्थाने थंडीचा विचार करून बांधलेली असत. खोल्यांमध्ये शेकोट्या आणि ऊन आत घेणाऱ्या मोठ्या खिडक्या ही त्यांची वैशिष्ट्ये होत. १८१७ मध्ये जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. तेथे त्यांची छावणी व अधिकाऱ्यांची वसाहत उभी राहिली. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा ठिकाणी मायदेशातील घराची नक्कल उपयोगाची नव्हती.

त्यामुळे अधिकाऱ्यांनी बंगल्याची पद्धत स्वीकारली. ‘बंगला’ हा शब्द बंगालमधील उतरत्या छपराच्या घरावरून आला आहे. ओल व सरपटणारे प्राणी यांपासून बचाव व्हावा म्हणून बंगल्याचे जोते उंच ठेवीत. जाड भिंतींमुळे दुपारची उष्णता आत पोहोचण्यास वेळ लागे. गरम हवा वर जाते. म्हणून छत उंच ठेवून त्याखाली झरोके काढीत. आपल्याकडील घरांना पडवी असते, तसा बंगल्याभोवती रुंद व्हरांडा असे. त्यामुळे ऊन व पाऊस थेट भिंतीवर येत नसे. दर्शनी भागातील खांब आणि गाडी थांबण्याची कमान मात्र विलायती घराची आठवण देत.

हा गारवा केवळ बांधकामातून मिळत नसे. दारांवर वाळ्याचे पडदे लावून त्यांवर सतत पाणी शिंपडावे लागे. छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने हलविण्यासाठी एक माणूस तासन्तास बसलेला असे. धूर व आगीच्या भीतीने स्वयंपाकघर वेगळे बांधीत. नोकरांच्या लहान खोल्या आवाराच्या मागील टोकाला असत. इंग्लंडमधील मोठ्या घरांतही नोकरांचे जिने व कामाच्या जागा मालकांच्या दृष्टीआड ठेवलेल्या असत. हवामानानुसार घराचा आकार बदलला. पण मालक आणि नोकर यांच्यातील अंतर तसेच राहिले.

पुढे वीज आली आणि दोरीचे पंखे नाहीसे झाले. जबलपूरच्या छावणी भागात व सिव्हिल लाइन्समध्ये असे काही जुने बंगले आजही आढळतात. सावली देणारा व्हरांडा आणि हवा खेळती ठेवणारे झरोके आजच्या घरांनाही उपयोगी आहेत. मात्र असा बंगला पाहताना दर्शनी खांबांबरोबर मागील खोल्याही पाहाव्यात. तेथे राहणाऱ्यांच्या श्रमांवरच पुढील दालनांतील गारवा अवलंबून होता.