भित्रा कीं भेकड?

नव्या करारांतील शेवटचें पुस्तक प्रकटीकरणाचें. त्याच्या एकविसाव्या अध्यायांत अग्निसरोवराचे धनी होणाऱ्यांची यादी आहे. तींत खुनी आहेत, जारकर्मी आहेत, लबाड आहेत. परंतु सर्वांच्या आधीं नांव आहे तें ‘देइलॉस’ लोकांचें. या ग्रीक शब्दाचा ढोबळ अर्थ ‘भित्रा’. मग काळोखास वा मरणास भिणारा साधा जीव खुन्याहूनही आधीं दोषी ठरतो काय? हळव्या वाचकास हा प्रश्न छळल्यावांचून राहत नाहीं.

भयाला ग्रीक भाषेंत निराळा शब्द आहे, तो ‘फोबॉस’. त्यांत धास्ती येते, तसा ईश्वराविषयींचा पूज्यभावही येतो. ‘देइलॉस’ मात्र निंदाव्यंजक आहे. ॲरिस्टॉटलनें शौर्यास मध्यें ठेवून एका टोकास अविचारी धाडस व दुसऱ्या टोकास हाच दोष मांडला आहे. मार्कच्या चौथ्या अध्यायांत हे दोन्ही शब्द शेजारीं येतात. तुफानांत सांपडलेल्या शिष्यांस येशू ‘देइलॉस’ म्हणतो आणि लागलीच त्यांच्या विश्वासाविषयीं विचारतो. वारा शमल्यावर ते पुन्हा अतिशय भितात. पण तेथें शब्द ‘फोबॉस’च्या कुळांतला आहे, आणि त्याबद्दल त्यांस बोल लावलेला नाहीं. पुढें गेथशेमाने येथें खुद्द येशूही व्याकूळ झाल्याचें मार्क सांगतो. अर्थात् दोष भय वाटण्याचा नव्हे. भयापोटीं विश्वास सोडण्याचा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील राजूरच्या डोंगराळ मुलुखांतला एखादा दाखला कल्पावा. पावसाळ्यांत ओढ्यास पूर आला आहे. पाणी पाहून ज्याची छाती धडधडते, तो भ्याला खरा. परंतु बुडणाऱ्या सोबत्याचा हात धरलेला असतां तो सोडून जो पळतो, तो भेकड.

प्रकटीकरण लिहिलें गेलें तें आशिया मायनरमधील सात मंडळ्यांसाठीं. बहुतेक विद्वानांच्या मतें पहिल्या शतकाच्या अखेरीस. जवळच्याच बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी यानें इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजन यास धाडलेल्या पत्रांत, चौकशीच्या वेळीं ख्रिस्तनिंदा करून सुटून गेलेल्यांचा उल्लेख आहे. अशा कसोटीच्या प्रसंगीं साथ सोडणाऱ्यांवर त्या यादीचा रोख आहे. उलट, जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत, अनुवादाच्या विसाव्या अध्यायांत, हाच शब्द युद्धास भिणाऱ्या शिपायाला लावलेला आहे. त्यास शिक्षा नाहीं. इतरांचें धैर्य खचूं नये म्हणून त्यानें घरीं परतावें, एवढेंच सांगितलें आहे.

मराठी भाषांतरकारास येथें शब्द तोलून घ्यावा लागतो. श्रीरामपूर येथें १८११ सालीं मराठी नवा करार छापला गेला, तेव्हांपासून अनेकांनीं हें ओझें उचललें. पंडिता रमाबाईंनीं तर त्यासाठीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला; १९२२ सालीं त्या निवर्तल्या आणि १९२४ सालीं त्यांचें संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालें. आपल्या भाषेंत ‘भित्रा’ हा शब्द हरणासही लागतो, लेंकरासही लागतो. त्यांत दया मिसळलेली असते. ‘भेकड’ म्हणतांना मात्र दया उरत नाहीं. प्रकटीकरणांतील यादीस दुसराच शब्द शोभतो. तो योजिला म्हणजे थरथरत कां होईना, पण जागा न सोडणाऱ्या माणसास ती यादी लागू पडत नाहीं, हें आपोआप स्पष्ट होतें.