हप्त्यांवर तगलेले राज्य

स्पॅनिश भाषेत ‘ग्रानादा’ म्हणजे डाळिंब. दक्षिण स्पेनमध्ये, सिएरा नेवादाच्या बर्फाळ डोंगरांच्या पायथ्याशी या नावाचे शहर आहे आणि शेजारच्या टेकडीवर तांबूस भिंतींचा अल्हाम्ब्रा राजवाडा. तिथली कारंजी आणि नक्षीदार कमानी पाहून प्रवासी हरखून जातात. पण ज्या मूर सुलतानांनी हे वैभव उभे केले, त्यांचे चिमुकले राज्य अडीचशे वर्षे टिकले तरी कसे?

मूर म्हणजे इ. स. ७११ मध्ये आफ्रिकेतून स्पेनमध्ये उतरलेले अरब आणि बर्बर मुसलमान, आणि पुढे त्या मातीचेच झालेले त्यांचे वंशज. तेराव्या शतकात त्यांची सत्ता ढासळली. १२३६ मध्ये कॉर्दोबा पडले, १२४८ मध्ये सेव्हिल. या पडझडीत मुहंमद इब्न नस्र नावाच्या सरदाराने १२३८ मध्ये ग्रानादात बस्तान बसवले. १२४६ मध्ये त्याने हाएन शहर कॅस्टिलच्या राजाला देऊन टाकले, मांडलिकत्व पत्करले आणि दरसाल खंडणी कबूल केली. एवढेच नव्हे, सेव्हिलच्या वेढ्यात त्याचे घोडेस्वार ख्रिस्ती फौजेच्या बाजूने उभे राहिले! ‘विजयी एक अल्लाहच’ हे याच घराण्याचे ब्रीद अल्हाम्ब्राच्या भिंतीभिंतीवर कोरलेले आहे.

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. वेळेवर हप्ते भरणाऱ्या कुळाला सावकार सहसा बुडवत नाही. ग्रानादाकडे हप्त्यांची सोय होती. आफ्रिकेतले सोने इथे येई, डोंगरउतारांवर तुतीच्या पानांवर रेशीम पिके, आणि जिनोआचे व्यापारी मालागा बंदरातून रेशीम, साखर, सुकवलेली फळे नेत. पडलेल्या शहरांतून आलेल्या निर्वासितांनी आपली कारागिरीही सोबत आणली होती. शिवाय कॅस्टिल फार आवळू लागले की मोरोक्कोच्या सुलतानाला हाक मारायची आणि तो डोईजड झाला की पुन्हा कॅस्टिलशी जुळवून घ्यायचे, ही कसरतही चालूच होती.

चौदाव्या शतकात पहिला युसुफ आणि त्याचा मुलगा पाचवा मुहंमद यांच्या काळात या राज्याने कळस गाठला. १३४९ मध्ये मदरसा उभा राहिला, पुढे सिंहांचा प्रसिद्ध चौक झाला. थोर इतिहासकार इब्न खल्दून याच दरबाराचा वकील म्हणून सेव्हिलला गेला होता.

मग दिवस फिरले. १४६९ मध्ये कॅस्टिलची इसाबेला आणि अ‍ॅरागॉनचा फर्दिनांद यांचा विवाह झाला आणि दोन मोठी राज्ये एकत्र आली. सावकाराला आता हप्ते नकोत, जमीनच हवी होती. नेमके तेव्हाच ग्रानादाच्या घरात वितुष्ट आले. १४८२ मध्ये अबू अब्दुल्ला, म्हणजेच बोअब्दिल, बापाविरुद्ध उठला. पुढच्याच वर्षी तो शत्रूच्या हाती सापडला आणि मांडलिक होऊन सुटला. पुढे काकाशी भांडण. १४८७ मध्ये तोफांच्या माऱ्याखाली मालागा पडले आणि तिथल्या रहिवाशांना गुलाम केले गेले. २ जानेवारी १४९२ रोजी बोअब्दिलने ग्रानादाच्या किल्ल्या सुपूर्द केल्या. जाताना तो रडला आणि आईने त्याला सुनावले, ही गोष्ट सर्वत्र सांगतात. ती दंतकथाच आहे.

खरे रडण्यासारखे पुढे घडले. शरणागतीच्या तहात मुसलमानांना धर्म, मशिदी, कायदा, मालमत्ता राखण्याची हमी होती. १४९९ मध्ये सक्तीची धर्मांतरे सुरू झाली, अरबी ग्रंथांची होळी झाली. बंड झाले, ते मोडले, आणि ‘तुम्हीच करार मोडलात’ म्हणून हमी रद्द झाली. १५०२ मध्ये बाप्तिस्मा किंवा देशत्याग, एवढेच पर्याय उरले. बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या वंशजांनाही १६०९ ते १६१४ या काळात देशाबाहेर घालवले. ते सुमारे तीन लाख होते.

तहाचा कागद पक्का होता, सह्याही राजाराणीच्या होत्या. मात्र त्याचे तारण म्हणजे किल्ला, तोफा आणि वेशीच्या चाव्या. त्या आधीच दुसऱ्याच्या हाती गेल्या होत्या. दुबळ्याला दिलेला शब्द पाळण्यासाठी मग देणाऱ्याची नियत तेवढीच उरते, आणि ग्रानादात ती जेमतेम आठ वर्षे पुरली.