दुधाचं बिल, सत्तर आकडी

सकाळी ६.४०
इंदापुरात संगणक क्लासचं शटर वर जातं. मॅडम आधी मेन स्विच टाकतात, मग इन्व्हर्टरचा दिवा बघतात. खोलीत दहा संगणक. तीन नंबरचा नुसताच बीप देतोय. त्या बाजूचं झाकण काढतात, रॅम उपसतात, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवतात आणि खटकन परत बसवतात. पडदा उजळतो. माणूस बोलावला असता तर तीनशे रुपये गेले असते. खोडरबर पाच रुपयांचं.

७.००
नवी बॅच. निम्मी मुलं धारा काढून, डेअरीला दूध घालून आलेली. फीसुद्धा हप्त्याने, दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघेल तशी.

"संगणकाला हात लावू नका. वह्या काढा. दुधाचं बिल कसं निघतं ते लिहा."

हे सगळ्यांना पाठ आहे. लिटर मोजायचे. फॅट बघायचं, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) बघायचं. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ लागलं तर पूर्ण दर, कमी लागलं तर कपात. मॅडम तेच फळ्यावर ओळीने मांडतात. लिटर, फॅट ही व्हेरिएबल. 'लागलं तर' म्हणजे इफ, 'नाहीतर' म्हणजे एल्स. रांगेतल्या प्रत्येकासाठी हेच पुन्हा करायचं, तो लूप. प्रोग्रॅमिंगचा पाया एवढाच आहे. मुलांना तो येत होता, त्याची नावं माहीत नव्हती.

७.४५
आता पायथन. गिडो व्हॅन रॉसमने १९९१ मध्ये लोकांसमोर आणलेली ही भाषा नवख्याला सोपी जाते. कंस, चिन्हं कमी. ओळ किती आत सरकवली यालाच अर्थ.

निमगाव केतकीची एक मुलगी एका बोटाने टाइप करते. लिटर विचारायचे, दराने म्हणजे पस्तीसने गुणायचे, उत्तर छापायचं. ती १२ टाकते, एंटर दाबते. पडद्यावर १२१२१२१२… ओळ संपतच नाही.

"मॅडम, हे काय आलं?"

"मोज की."

ती मोजते. सत्तर आकडे. बारा पस्तीस वेळा एकापुढे एक. इनपुटने घेतलेलं काहीही पायथनला आधी मजकूर असतं. आकडा म्हणून वापर, असं वेगळं सांगावं लागतं. ती इंट लिहिते. ४२०. मग साडेबारा लिटर टाकते, लाल अक्षरांत एरर. इंटला पूर्णांकच लागतो. "फ्लोट लिही, बाळा." ४३७.५. मुलगी वहीत तिन्ही उत्तरं उतरवून घेते. सांगून हे डोक्यात राहिलं नसतं. चुकलेलं उत्तर समोर दिसलं, म्हणून राहील.

१०.१०
बारामतीची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, २०२३ पासून. लासुर्ण्यापुढे उसाच्या ट्रॉल्या, गाडी हळू. भवानीनगरला कॉलेजची पोरं चढतात. मॅडम मांडीवर जर्नल तपासतात.

१२.००
बारामतीतलं एक कॉलेज, पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल. मॅडम इथे तासिकेवर. तासाला दोनशे, सुट्टीचे पैसे नाहीत. भाषा सी. बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी ती घडवली १९७२ च्या सुमारास. आपल्याकडे ते दुष्काळाचं साल, आणि बारामतीत विद्या प्रतिष्ठान ही शिक्षणसंस्था निघाली तीही त्याच साली. आज चालणाऱ्या कितीतरी गोष्टींच्या तळाशी सी आहे. पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटरही सीमध्येच लिहिलेला.

लॅबमध्ये जुनं टर्बो सी, निळा पडदा. एका मुलाचा प्रोग्रॅम अडलाय. कंपायलर बाराव्या ओळीवर बोट ठेवतो. बाराव्या ओळीत काहीच चुकलेलं नाही. मुलगा वैतागून सगळं खोडायला निघतो.

"थांब. वरची ओळ वाच."

अकराव्या ओळीत सेमीकोलन राहिलाय. वाक्य संपलंच नाही, हे कंपायलरला पुढचा शब्द आल्यावर कळतं. इंग्रजीत एरर आली की आपली मुलं ती वाचायच्या आधीच घाबरतात. वाचायला घेतलं तर तीत ओळीचा नंबर असतो आणि चार ठरावीक शब्द. मॅडम वर्षभर सगळ्यात जास्त हेच शिकवतात, असं मला दिसलं. आणि तेच बरोबर आहे.

२.१५
डबा. चपाती, मटकी. चहा दहा रुपये.

३.००
दुसरी तुकडी. सात भागिले दोन किती? साडेतीन, वर्ग म्हणतो. सी म्हणते तीन. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळतो. दुधाच्या बिलात हे झालं तर अर्ध्या लिटरचे पैसे बुडतील. आता वर्ग सावरून बसतो.

६.३०
परत इंदापूर. संध्याकाळच्या बॅचला दूध संकलन केंद्रावर काट्यापाशी बसणारा एक तरुण येतो. "मॅडम, नोकरीसाठी कुठली भाषा शिकू?" मॅडम म्हणतात, एक धर आणि वर्षभर सोडू नकोस, दुसरी मग महिन्यात येते. हा सल्ला मला पटतो. भाषा निवडण्यातच सहा महिने घालवणारी मुलं मी पाहिली आहेत.

८.२०
माउस मोजून कपाटात. प्रिंटचे गल्ल्यात चौऱ्याऐंशी रुपये, पानाला दोन. शटर खाली.

नवी बॅच महिन्याच्या एक तारखेला, सकाळी सातला. घरी संगणक नसला तरी चालतं. वही मात्र आणायची.