जुन्या संगणकावर ‘रजिस्टर झाले नाही’ म्हणजे काय?

इस्लापूरसारख्या गावात झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातला विंडोज ७चा संगणक अजून बिलं काढतो. त्यावर जुना प्रोग्राम टाकताना शेवटच्या टप्प्यावर खिडकी येते: अमुक ‘ओसीएक्स’ रजिस्टर झाली नाही. लोक लगेच सीडीला दोष देतात. बहुतेकदा सीडी ठणठणीत असते.

डीएलएल, ओसीएक्स हे प्रोग्रामचे तयार सुटे भाग. ते नुसते कॉपी करून भागत नाही. त्यातल्या अनेकांची विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंद लागते. ही नोंद ‘रेगसव्हर३२’ हा विंडोजमधलाच प्रोग्राम करतो. ‘०x८००७०००५’सारखे लांबलचक आकडे पाहून घाबरू नका, आधी इन्स्टॉलरवर राइट-क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. परवानगीअभावीच पुष्कळ नोंदी अडतात.

खरी गंमत ६४-बिट विंडोजमध्ये. तिथे ३२-बिट फाइल ‘सिसवाव६४’ फोल्डरात जाते आणि ६४-बिट फाइल ‘सिस्टम३२’मध्ये! नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे. म्हणून जुन्या ओसीएक्ससाठी ‘सिसवाव६४’मधलाच रेगसव्हर३२ चालवावा. ‘मॉड्यूल लोड झालं नाही’ असं आलं, तर त्या फाइलला लागणारी दुसरी एखादी फाइल गायब असू शकते. मात्र कुठल्याही साइटवरून सुटी डीएलएल उतरवू नका, मूळ इन्स्टॉलरच शोधा.